संशोधनाचा पैसा घाट चढला पाहिजे

‘आदिवासी भागाला संशोधन नको, डॉक्टर हवेत.’ सरकारी वैद्यकीय संशोधनसंस्थांच्या अनुदानाचा विषय निघाला की हे वाक्य हमखास कानावर येतं. नंदुरबार जिल्ह्यात सातपुड्यातल्या अक्कलकुव्यात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार असलेल्या मुलांचं नाव पुढे करून हा युक्तिवाद होतो, म्हणून तो मला जास्त लागतो.

या मुलांना मिळणारी हायड्रॉक्सियुरियाची गोळीच घ्या. हे रसायन 1869 मध्ये तयार झालं. इतक्या जुन्या औषधाच्या चाचणीवर पैसा ओतायला कंपन्या सहसा पुढे येत नाहीत. सिकलसेलच्या वेदनेचे झटके या गोळीने जवळपास निम्मे होतात, हे 1995 मध्ये अमेरिकेत सिद्ध झालं ते सरकारी पैशावरच्या चाचणीतून. तो पैसा ‘आधी डॉक्टर द्या’ म्हणून अडवला असता, तर आज अक्कलकुवा तालुक्यातल्या मोलगीच्या डॉक्टरने मुलाच्या हातावर काय ठेवलं असतं?

इथवर मला शंका नाही. पण विरोधकांकडे एक उत्तर आहे, आणि ते झटकून टाकता येत नाही. ते म्हणजे गडचिरोली.

डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी तिथल्या 39 गावांत गावातल्याच बायकांना नवजात बाळांची काळजी घ्यायला शिकवलं. कमी शिकलेल्या बाईलाही बाळाचे श्वास मोजता यावेत म्हणून मिनिटाचं वाळूचं घड्याळ आणि मणी असं साधन केलं. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत सहा मणी सरकून पुढेही श्वास चालू राहिले, तर तान्ह्या बाळाला न्यूमोनियाचा धोका. या कामातून नवजात मृत्यू 62 टक्क्यांनी घटल्याचं 1999 मध्ये ‘लॅन्सेट’ने छापलं. हे सरकारी संस्थेत घडलं नाही. ते घडलं बंग दांपत्याच्या ‘सर्च’ या स्वयंसेवी संस्थेत.

मग सरकारी अनुदान कशाला? या प्रश्नाने मला माझा मुद्दा पुन्हा तपासायला लावला. गडचिरोलीने अनुदान निरुपयोगी ठरवलेलं नाही. हीच पद्धत देशभर आशाताईंपर्यंत नेली ती सरकारनेच, 2011 मध्ये. मात्र संशोधन कुठे बसून करायचं, हे गडचिरोलीने ठरवून दिलं. म्हणून ‘संस्थांना पैसा द्या’ एवढंच म्हणणं मला आता अपुरं वाटतं.

रक्तदोषांवरची राष्ट्रीय संस्था मुंबईत परळला आहे, याच आजारांवरचं भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचं (आयसीएमआर) केंद्र चंद्रपूरला. दोन्ही हवीतच. पण सातपुड्यातले प्रश्न सातपुड्यात राहूनच सुटतील. प्राथमिक तपासणीत रक्ताचा थेंब पडून द्रावण गढूळ झालं, तर नळीमागच्या रेषा दिसेनाशा होतात. तेवढ्यावरून मूल फक्त वाहक आहे की रुग्ण, हे कळत नाही. त्यासाठी पुढची तपासणी लागते. तोवर आईबाप ऊसतोडीला गुजरातेत गेलेले असतात. तिकडे गोळी सुटते का? इथल्या मुलांना किती मात्रा पुरते? आपल्याकडच्या आदिवासींमधला सिकलसेल आनुवंशिक ठेवणीने आफ्रिकी वंशाच्या रुग्णांपेक्षा वेगळा आहे, तेव्हा अमेरिकेतलं उत्तर जसंच्या तसं उचलून चालणार नाही.

2023 मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल मोहिमेने सात कोटी लोकांच्या तपासणीचं लक्ष्य ठेवलं. नुसत्या तपासणीतून वरच्या प्रश्नांची उत्तरं निघत नाहीत. त्यासाठी तीच मुलं वर्षानुवर्षं पाहावी लागतात. नंदुरबारच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात कायम नेमणुकांचा सिकलसेल संशोधन विभाग हवा आणि त्याचं एक केंद्र मोलगीला हवं. आपल्या आमदार-खासदारांकडे रस्त्यांच्या मागणीबरोबर ही मागणीही लेखी द्या.