पुन्हा तोच डाव

‘तो फसवतो’ आणि ‘तो तेच तेच करतो’ या दोन तक्रारी एकाच दमात केल्या जातात, आणि ऐकणाराही त्या एकच समजून चालतो. वस्तुतः त्या दोहोंत दिवाणी व फौजदारी इतके अंतर आहे. ज्या खेळाच्या निमित्ताने हा विचार आम्हांस सुचला तो आमच्या कित्येक वाचकांनी स्वतः खेळला नसेल. म्हणून प्रथम त्याचे स्वरूप सांगणे इष्ट.

दोन खेळाडू दोन घरी, कधी दोन निरनिराळ्या देशांत, आपापल्या पडद्यासमोर बसतात. प्रत्येकाच्या ताब्यात एक योद्धा असतो. बटणे दाबून त्याला ठोसे मारावयास लावावयाचे, लाथा झाडावयास लावावयाच्या, उडी किंवा बचाव करावयास लावावयाचा. ज्याच्या प्राणशक्तीची पट्टी आधी रिकामी होईल तो हरला. ‘स्ट्रीट फायटर’ ही मालिका १९८७ पासून आणि ‘टेकन’ ही १९९४ पासून चालत आलेली आहे. पूर्वी हे खेळ गावातल्या व्हिडिओ गेम पार्लरात शेजारी बसून खेळले जात, आता इंटरनेटमुळे अनोळखी माणसाशी घरबसल्या खेळले जातात. आणि हा अनोळखी माणूस पुष्कळदा एकच लाथ दहा वेळा मारतो व ती दहाही वेळा लागते. ‘टेकन ३’ मधला एडी गोर्डो हा ब्राझिली नृत्ययुद्ध करणारा योद्धा एवढ्याच कारणासाठी प्रसिद्धीस आला. ज्याला काही येत नाही अशा पोरानेही त्याच्या लाथांची दोन बटणे बडवीत राहावे आणि जाणत्यास रडवावे! मुले या प्रकाराला ‘स्पॅम’ म्हणतात. मग कंट्रोलर आपटला जातो, डाव अर्ध्यावर टाकला जातो, आणि आतल्या खोलीतून आजोबांचा निकाल येतो की असला खेळ खेळूच नये.

आजोबांचा निकाल आम्हांस मान्य नाही, आणि नातवाची फिर्यादही मान्य नाही. नियमांनी ज्या चालीस मुभा दिली आहे ती चाल वारंवार खेळणे हा अन्याय आहे काय, हा येथे खरा प्रश्न होय. तो केवळ मुलांच्या खेळापुरता नाही, हे कोर्टाची पायरी चढलेल्या कोणासही सांगावयास नको.

‘स्ट्रीट फायटर’ मधील र्‍यू नावाचा योद्धा दुरून अग्निगोल फेकतो. एक फेकतो, दुसरा फेकतो, तिसरा फेकतो. प्रत्येक गोळ्याने होणारी इजा बेताचीच असते, आणि बचाव केला तर ती नगण्य होते. परंतु चौथ्या गोळ्यास समोरचा कंटाळतो, पाचव्यास चिडतो, आणि सहाव्यास एकदम उडी घेऊन अंगावर जातो. र्‍यू त्याच उडीची वाट पाहत असतो. खालून वर जाणारा त्याचा ठोसा हवेतल्या माणसास चुकवता येत नाही. म्हणजे अग्निगोल हे येथे शस्त्र नव्हे, आमिष होय. मासा समोरच्याचा संताप. ज्याला हे उमगले तो उडी घेत नाही. गोळा अडवतो, एक पाऊल पुढे सरकतो, पुन्हा अडवतो, पुन्हा सरकतो, आणि ज्या अंतरावरून पुढचा गोळा सुटताच उडी घेणे लाभाचे ठरते तेथवर मुकाट्याने जाऊन पोहोचतो. यात दिसण्यासारखे शौर्य काही नाही. आमच्या बऱ्हाणपुरातून उतावळी नावाची एक नदी वाहते. तिच्या काठी राहणारांस हा खेळ शिकणे नावापुरते तरी कठीणच म्हणावयाचे.

याच्या मुळाशी मोजणी आहे. हा खेळ सेकंदाला ६० चित्रांच्या गतीने चालतो. प्रत्येक चालीचे तीन भाग पडतात: ती उपजण्याचा काळ, लागण्याचा काळ, आणि मारणाऱ्याला सावरण्यास लागणारा काळ, हे तिन्ही चित्रांच्या संख्येत मोजलेले असतात. मनुष्याचा डोळा काही पाहून हात हलवतो तोवर साधारण १२ ते १५ चित्रे उलटून गेलेली असतात. दहा चित्रांत उपजणारी लाथ पाहून अडवणे म्हणूनच मनुष्याच्या शक्तीबाहेरचे आहे. ती येणार हे आधीच ठाऊक असेल तरच ती अडते. आणि ती येणार हे आधी कोण सांगणार? जो ती पुन्हा पुन्हा मारतो तोच! ज्या पुनरावृत्तीवर आपण चिडतो तीच आपला एकमेव वाटाड्या आहे. नाना चाली करणाऱ्यापुढे आपण आंधळे असतो. एकच चाल करणारा आपल्या हाती दिवा देत असतो, आणि आपण दिव्यालाच शिव्या देतो.

मग राग का येतो? आमच्या मते तो पराभवाचा राग नसून अपमानाचा असतो. मोठ्या डावपेचाने हरणे मनुष्यास पचते. क्षुल्लक चालीने हरणे पचत नाही. वकिलीत हे नित्य दिसते. कायद्याच्या गहन प्रश्नावर दावा गेला तर पक्षकार मान हलवून घरी जातो. मुदत उलटली एवढ्याच कारणाने गेला तर तो आयुष्यभर सांगत बसतो की आपल्याला लुबाडले. विरुद्ध पक्षाने केले काय? कायद्याने दिलेले एक साधे उत्तर दिले.

येथे कोणी म्हणेल की त्रास देणे हाही अपराधच आहे. काही वेळा आहे. आमच्या मध्य प्रदेशात २०१५ साली एक अधिनियम झाला. त्याच्या नावातच ‘तंग करने वाली मुकदमेबाजी’ असे शब्द आहेत. महाराष्ट्रात तसा कायदा १९७१ पासून आहे. परंतु अशा कायद्यांत केवळ वारंवारता पुरत नाही. सवयीने, आणि वाजवी आधारावाचून, अशी दोन्ही कलमे लागू पडावी लागतात. दहा दावे लावणारा दहाही वेळा खरा असेल तर तो त्रासदायक असेल, दोषी नव्हे. तहकुबीचेही तसेच. सुनावणी चालू असता एका पक्षास तीनपेक्षा अधिक तहकुब्या देऊ नयेत हे बंधन १९९९ च्या दुरुस्तीने दिवाणी प्रक्रिया संहितेत आले व २००२ पासून लागू झाले. अगदी असाधारण आणि पक्षकाराच्या हाताबाहेरच्या कारणास्तव त्यास अपवाद असू शकतो, असे सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये सांगितले. तोवर जे वकील तारखांवर तारखा मागत होते त्यांस आम्ही नावे ठेवू शकत होतो, पण खरी तक्रार कायदा करणाराकडे होती आणि ती तेथेच नेली पाहिजे होती. खेळातही निर्माते एखादी चाल फारच भारी पडते असे दिसल्यास ती दुबळी करतात. ‘टेकन’ व ‘स्ट्रीट फायटर’ या दोहोंत अशा दुरुस्त्या वेळोवेळी होत असतात. त्यांच्याकडे अर्ज जरूर करावा. मात्र आजचा डाव आजच्याच नियमांनी खेळावयाचा असतो, आणि अर्ज प्रलंबित आहे म्हणून डाव अर्ध्यावर सोडून पळणे हा मात्र खरोखरीचा करारभंग होय. प्रतिस्पर्ध्याने आपला वेळ विश्वासाने दिलेला असतो. एक अपवाद मान्य केला पाहिजे. इंटरनेटचा वेग मंदावला की दहा-वीस चित्रांचा विलंब लागतो, आणि समोरासमोर सहज अडणारी लाथ अडेनाशी होते. तेथे दोष ना याचा ना त्याचा. तेथे चिडण्यापेक्षा झोपी जाणे बरे.

आता आमच्या गावाची एक जुनी हकीकत सांगतो, कारण तेच तेच करणाऱ्या शत्रूने बऱ्हाणपूरला जितके छळले तितके क्वचितच दुसऱ्या शहरास छळले असेल. १६०१ मध्ये असीरगड अकबराच्या हाती आला आणि बऱ्हाणपूर हे मोगलांच्या दक्षिणेतील स्वाऱ्यांचे ठाणे झाले. समोर होता निजामशाहीचा मलिक अंबर. त्याची चाल एकच. समोरासमोरची लढाई टाळावयाची, मराठी स्वारांच्या टोळ्यांनी मोगल सैन्याची रसद व वैरण तोडावयाची, रात्री छावणीवर पडावयाचे आणि दिवसा दिसेनासे व्हावयाचे. वर्षानुवर्षे हेच. मोठमोठे सेनापती आणि खुद्द शहाजादा परवीज येथे येऊन बसले व हात चोळीत राहिले. जहांगीर बादशहाचा संताप त्याच्या आत्मचरित्रात ठायी ठायी आढळतो. अंबराचे नाव शिवीवाचून त्याच्या लेखणीतून क्वचितच उतरते. १६१६ च्या सुमारास त्याच्या अबुल हसन नावाच्या चित्रकाराने एक चित्र काढले. त्यात बादशहा पृथ्वीगोलावर उभा राहून भाल्यावर खोचलेल्या अंबराच्या मस्तकास बाण मारीत आहे. हे चित्र आता डब्लिन येथील चेस्टर बीटी संग्रहालयात आहे. तसे काहीही घडले नव्हते. अंबर पुढे १६२६ मध्ये, वृद्ध होऊन, आपल्या मरणाने मेला. चिडलेल्या मनुष्यास विजय चित्रातच मिळतो. पडद्यासमोर बसून प्रतिस्पर्ध्यास शिव्या मोजणारा मुलगा जहांगिराहून फारसा निराळा नाही.

ज्याने त्याच सुमारास अंबरास खरोखर हरविले त्याची कबर आमच्या गावात उतावळीच्या काठी आहे. अब्दुर्रहीम खानखानाचा मुलगा शहानवाज खान याने १६१६ मध्ये जालन्याजवळ रोशनगाव येथे अंबराचा पराभव केला. त्या स्वारीपूर्वी अंबराकडील काही सरदार फुटून त्याला येऊन मिळाले होते, त्यांत मराठेही होते. म्हणजे जी चाल मोगलांना कळत नव्हती ती स्वतः खेळलेली माणसे आता त्याच्या डेऱ्यात बसली होती. आजचे जाणते खेळाडूही नवख्यांस हेच सुचवतात. ज्या योद्ध्याने तुला पिडले तोच योद्धा चार दिवस आपण घेऊन खेळ. त्याचे दुखणे कोठे आहे ते तुला आतून कळेल. खेळात सरावाची एक खोली असते, तेथे ती नकोशी चाल बाहुल्याकडून शंभर वेळा करवून घेता येते. तरीही एकदा शिकून भागत नाही. अंबर सावरला, आणि १६२० मध्ये त्याच्या फौजांनी बऱ्हाणपूरलाच वेढा घातला.

अमेरिकेत कॅलिफोर्निया येथे २००४ साली झालेल्या ‘एव्हो’ स्पर्धेतील एक डाव या खेळाच्या रसिकांत अजून आठवला जातो. जपानच्या दाइगो उमेहारा याची प्राणशक्ती केसभर उरली होती आणि जस्टिन वाँग याने १५ लाथांची मालिका सोडली. साध्या बचावानेही उमेहारा मेला असता, कारण अशी लाथ अडवली तरी थोडी इजा होतेच. त्याने प्रत्येक लाथ नेमक्या क्षणी परतवली, पंधराच्या पंधरा, आणि डाव जिंकला. त्या मालिकेचा ठेका अंगात मुरलेला असल्याखेरीज हे होणे नाही. त्या स्पर्धेचा अंतिम सामना मात्र तो हरला, हे सांगणारे थोडे. चपळता हेच सर्वस्व आहे असे ज्यांस वाटते त्यांच्यासाठी एवढे नोंदवतो की, हांगचौ येथे २०२३ मध्ये झालेल्या आशियाई खेळांत ‘स्ट्रीट फायटर’ चे सुवर्णपदक दक्षिण कोरियाच्या किम ग्वान-वू याने वयाच्या ४४ व्या वर्षी मिळवले. आमच्या वयाच्या मंडळींस हे ऐकून बरे वाटते.

हे सारे परदेशी आणि यांत्रिक वाटत असेल तर वनपर्वातील नलाख्यान काढून पाहावे. आमच्याकडे नलराजा बहुधा राजहंसापाशी आणि स्वयंवरापाशी थांबतो. रघुनाथ पंडितांच्या आख्यानाची ती मोहिनी. पुढची कथा कीर्तनात वेळेअभावी गुंडाळली जाते. नल पुष्कराशी द्यूत खेळतो आणि प्रत्येक डाव हरत जातो, राज्य जाते, तरी खेळतच राहतो. त्याच्या शरीरात कली शिरलेला असतो. पुढे तो ऋतुपर्णाचा सारथी होऊन चालला असता राजा वाटेवरच्या एका बेहड्याच्या झाडाकडे पाहून त्याची पाने आणि फळे सांगतो. दोन शाखांवर २,०९५ फळे. नलाला खरे वाटत नाही. तो रथ थांबवतो, झाड पाडतो आणि मोजतो. संख्या बरोबर निघते. बेहड्याचीच फळे त्या काळी फासे म्हणून वापरीत, हे ध्यानात घेतले म्हणजे या मोजणीचा रोख कळतो. मग नल अश्वविद्या देऊन अक्षहृदय घेतो, आणि ते हाती येताच कली विष ओकीत त्याच्या देहातून बाहेर पडतो. हा क्रम पाहण्याजोगा आहे. आधी राग गेला आणि मग विद्या आली असे व्यासांनी लिहिलेले नाही. युधिष्ठिरासही हीच कथा सांगून बृहदश्व ऋषी अक्षहृदय देतात. मात्र शकुनीशी पुन्हा बसण्याचा प्रसंग त्याला आला नाही, ती विद्या घेऊन तो विराटाच्या दरबारी कंक होऊन राहिला.

वकील येथे हरकत घेईल की, पुष्कराच्या फाशांत द्वापर शिरलेला होता, म्हणजे ती उघड फसवणूकच होती. ग्रंथात तसेच आहे. परंतु नलाने त्या कारणास्तव जुना डाव रद्द करून मागितला नाही. तो परत आला आणि पुष्करास पुन्हा खेळावयास बोलावले. पुष्कर हसला, कारण पूर्वीचाच डाव पुन्हा होणार याविषयी त्याला शंका नव्हती. नलाने एकाच फेकीत सर्व परत जिंकले. मग तो पुष्करास म्हणाला की हे तुझे कृत्य नव्हे, कलीचे होते, आणि त्याचा वाटा त्याला परत दिला. पुष्कर महिनाभर नलाच्या घरी सन्मानाने राहिला आणि मग आपल्या नगरास निघून गेला.