बंधाऱ्याचा खर्च कोण भरतं?

कर्ली नदी सरळ जाऊन समुद्राला मिळत नाही. देवबागपाशी ती वळते, किनाऱ्याच्या अंगाने चालत राहते आणि मगच दर्यात शिरते. तिच्या आणि समुद्राच्या मध्ये उरते ती माडांनी भरलेली वाळूची एक अरुंद पट्टी. तिच्यावर गाव वसलं आहे. उत्तरेला गड नदीच्या कालावल खाडीपाशी तोंडवळी-तळाशीलची पट्टीही अशीच. जुलैत सह्याद्रीवरून उतरलेला लोंढा आणि उधाणाची भरती मुखाशी समोरासमोर आली की पाणी पुढच्या दारातूनही येतं आणि मागच्याही. त्यामुळे इथल्या माणसाने बंधारा मागितला तर त्याचं चुकलं असं मला कधीच वाटत नाही. ज्याच्या डोळ्यांदेखत माड मुळासकट पडला, त्याला धीर धरा असं कोण सांगणार?

तरीही त्या मागणीच्या पोटात एक प्रश्न आहे, आणि तो बंधारा बांधण्याआधी विचारायला हवा.

रापण ओढताना पाहा. जाळ्याच्या दोन्ही टोकांना माणसांच्या रांगा लागतात. दोर कमरेला घेऊन, टाचा वाळूत रोवून सगळे एका तालात मागे मागे सरकत येतात. त्याला लांबरुंद, मोकळी पुळण लागते. समुद्राकडून दगडी धूपप्रतिबंधक बंधारा घातला की घर वाचतं, पण दोर घेऊन मागे सरकायची जागा जाते, होडी ओढून ठेवायची जागाही जाते. शिवाय लाटेचं बळ दगडाने संपत नाही. बंधारा जिथे थांबतो तिथे, त्याच्या टोकाला, वाळू जास्त वेगाने खचू लागते. म्हणजे एका वाडीचं संकट शेजारच्या वाडीच्या दाराशी जातं. मग तीही बंधारा मागते, आणि तिचंही बरोबरच असतं.

खाडीच्या बाजूला खार बंधारे. मुंबई राज्याने १९४८ साली खारभूमीसाठी कायदा केला, १९७९ साली महाराष्ट्राने नवा केला, पण खाऱ्या पाण्याला बांध घालायची विद्या त्याहून पुष्कळ जुनी. बांधाच्या दाराची रचना मला फार आवडते. भरतीचं पाणी बाहेरून दाबलं की झडप आपोआप मिटते, ओहोटी लागली की आतलं पाणी तिला ढकलून खाडीत जातं. ना मोटार, ना माणूस. पण वर सलग पाऊस कोसळत असेल आणि बाहेर उधाण असेल, तर तेच मिटलेलं दार पावसाचं पाणी आत कोंडून ठेवतं आणि लावणी झालेलं शेत बुडतं. खेकड्याने पाडलेलं भोक वेळीच बुजवलं नाही तर बांध फुटतो, आणि जमिनीतलं मीठ धुऊन जायला पुढचे काही पावसाळे जातात. बांध घातला म्हणजे काम संपलं असं होत नाही. दरवर्षी त्याची राखण आली, आणि ती कुणी करायची हेही ठरवावं लागतं.

अंदाजपत्रकात बंधाऱ्याची लांबी असते, दगड किती, भराव किती, किती हेक्टर जमीन वाचेल ते असतं. ओहोटीला खाडीत उतरून मुळे-तिसऱ्या काढणारी, खडकावर उकिडवी बसून कालवं फोडणारी बाई त्यात नसते. तिचा सातबारा नाही. रापण लागते त्या पुळणीचा सातबारा मच्छीमाराच्या नावावर नाही. म्हणून त्यांचं नुकसान शून्य धरलं जातं, आणि खर्च-लाभाचा हिशेब कागदावर छान जुळतो. मला खटकतं ते हे.

नेदरलँड्समध्ये १९९३ आणि १९९५च्या पुरांनंतर बांध आणखी उंच करण्याऐवजी तीसहून जास्त ठिकाणी नदीलाच जागा मोकळी करून दिली. एका खोलगट भागातले काही शेतकरी उंच भराव घालून त्यावर राहायला गेले, काहींनी गाव सोडलं. किंमत त्यांनीही मोजली, पण कुणी काय सोडायचं आणि बदल्यात काय मिळायचं ते आधी समोर बसून ठरलं. देवबागच्या चिंचोळ्या पट्टीवर नदीला द्यायला तेवढी जागाच नाही, त्यामुळे तो उपाय इथे जसाच्या तसा चालणार नाही. समोर बसणं मात्र चालेल.

पावसाळ्यात रापणी बंद असतात, १ जूनपासून यांत्रिक नौकाही किनाऱ्याला लागलेल्या असतात. त्या दिवसांत ग्रामसभा घ्यावी. बंधाऱ्याचा नकाशा भिंतीवर लावावा. रापणकर, खाडीत उतरणाऱ्या बायका, खारभूमीतले शेतकरी, पर्यटकांना खोल्या देणारे, आणि बंधारा जिथे संपणार आहे त्याच्या पलीकडच्या वाडीतले लोकही बोलवावेत. कुणाचं काय जाणार ते प्रत्येकाच्या तोंडून ऐकून अंदाजपत्रकात लिहावं, होड्या ओढायला दगडांतून वाट कुठे ठेवायची ते तिथेच आखावं, आणि मगच दगडाची पहिली गाडी गावात यावी.