कासवाचे पाय

काही वर्षांपूर्वी हुबळीतील आमच्या मंडळीतल्या एका आजींचे भाडेकरू घर सोडताना एक कासव मागे ठेवून गेले. घरात कासव असले की भरभराट होते, हा त्यांचा समज. आजी म्हणाल्या, "भाऊ, मुके जनावर टोपलीत कोंडून ठेवायला मन घेत नाही." आम्ही ते उणकल तलावावर नेले व पाण्यात सोडले. ते थोडे पाय हलवून खाली गेले. त्याने बुडी मारली असे आम्हांला वाटले. त्या रविवारी दयेचा दाखला म्हणून आम्ही हीच गोष्ट सांगितली, हेही कबूल केले पाहिजे.

उपासनेनंतर धारवाडला प्राणिशास्त्र शिकवणाऱ्या एका बंधूंनी विचारले, "भाऊसाहेब, त्याचे पाय कसे होते?" आठवून सांगितले : जाड, खांबासारखे. पाठ घुमटासारखी, तिच्यावर पिवळ्या चांदण्या. ते गप्प झाले. मग म्हणाले, "ते जमिनीवरचे कासव. त्याला पोहता येत नाही."

आपल्या मराठीत कासव हा एकच शब्द, कन्नडात आमे हाही तसाच. पण त्या एका शब्दात निरनिराळी कुळे आहेत. तलावात राहणाऱ्यांच्या बोटांमध्ये पडदा असतो. काळ्या पाठीच्या कासवाचे कवच टणक असते. मऊ पाठीच्यांवर खवल्यांऐवजी कातडे असते. त्यांतील एकाच्या पोटाकडे कातड्याच्या झडपा असतात, मागचे पाय आत घेतले की त्या मिटतात. तळे आटले तर ते चिखलात स्वतःला पुरून घेऊन पावसाची वाट पाहते. चांदण्यांचे कासव मात्र कोरड्या झुडपी रानातले, गवत खाणारे. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणे ते घरी पाळता येत नाही, आणि 2019 साली त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरही बंदी आली.

हेतू शुद्ध होता, मग दोष कसला, असे कोणी म्हणेल. आम्हीही स्वतःला तेच म्हणालो. पण लेवीयच्या चौथ्या अध्यायात नकळत घडलेल्या पापासाठीही अर्पण सांगितले आहे. शिवाय सगळे कळल्यावरच दया करायची म्हटले तर कोणाचेच पाऊल पुढे पडणार नाही, हेही खरे. आमचे मन खाते ते वेगळ्याच कारणाने. पाय तर समोरच होते. आम्ही पाठीवरच्या चांदण्या पाहिल्या, आणि आपण किती चांगले काम करीत आहोत हे पाहिले. उत्पत्तीच्या पहिल्याच अध्यायात देवाने प्राणी आपापल्या जातीप्रमाणे केले असे आहे. ते आम्ही कितीदा वाचून दाखवले असेल!

पुढच्या रविवारी तो दाखला आम्ही मंडळीपुढे मागे घेतला. आजी डोळे पुशीत बसल्या होत्या. उपासना संपल्यावर एक तरुण हळूच म्हणाला, "आमच्या मामांच्या विहिरीत पाणी स्वच्छ राहावे म्हणून दोन कासवे सोडलेली आहेत." विहीर बांधीव, वर यायला वाट नाही. मादीला अंडी घालायला कोरडी माती लागते, एवढे आता आम्हांला ठाऊक होते. त्या प्राध्यापक बंधूंना सोबत घेऊन आम्ही शनिवारी तिकडे जायचे ठरवले. वनखात्यालाही आधी कळवले.