हरवलेला मुलगा कोणाच्या घरी सापडला?



आपल्यापैकी अनेकांनी शाळेत असताना भा. रा. भागवतांचा 'फास्टर फेणे' वाचला असेल. फुरसुंगीचा हा काटकुळा बनेश फेणे सायकलवर टांग टाकायचा आणि मोठ्यांच्या नजरेतून निसटलेले रहस्य हसतखेळत उलगडायचा. अशा किशोरकथांचा एक ठरलेला रिवाज असतो. मुलगा शोध घेतो आणि वडीलधारी माणसे गोष्टीच्या कडेला उभी राहतात.

आपल्या घरांत हाच खेळ उलटा चालतो. मुलगा पंधरा-सोळा वर्षांचा झाला की तो स्वतःच एक रहस्य होऊन बसतो आणि बिचारे वडील डिटेक्टिव्ह होतात. खिसे तपासले जातात, शर्टाचा वास घेतला जातो, मोबाईल चोरून पाहिला जातो. बापाने आपल्या मुलावर संशय घ्यावा का, आणि मुलाने बापाची आज्ञा कुठपर्यंत पाळावी, या दोन प्रश्नांचा आज थोडा विचार करू या.

मी पूर्वी ज्या धर्मग्रामात होतो, तेथील एका बापलेकाची ही गोष्ट आहे. ती मला पापनिवेदनात नव्हे, तर पडवीत चहा पिताना कळली. दोघांच्या परवानगीने सांगतो आहे. ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत.

मुलगा अकरावीत होता. केस मानेपर्यंत वाढलेले, उत्तर ओठांवर तयार. संध्याकाळी रोझरीला हाक मारली की म्हणायचा, "माझी मनातल्या मनात चालू आहे." दर शनिवारी "क्लासला जातो" म्हणून सायकल काढायचा तो आठ वाजल्यानंतर परतायचा. एके दिवशी वडिलांना कळले, की शनिवारी क्लास बंदच असतो. मग पुरावे जमू लागले. शर्टाला विडीचा वास. पॉकेटमनी दहा तारखेलाच संपलेला. खिशात औषधाच्या दुकानाचे बिल, आणि घरात तर आजारी कोणी नाही. विडी, पैसे, गोळ्या! वडिलांच्या डोक्यात हिशेब जुळला. पोरगा व्यसनाला लागला.

पुढच्या शनिवारी त्यांनी पाठलाग केला. आपली स्कूटर मुलगा ओळखेल म्हणून शेजाऱ्याची मागून घेतली आणि ऑक्टोबरच्या उकाड्यात तोंडाला मफलर गुंडाळला. पहिल्याच नाक्यावर मासळीवालीने विचारले, "काय हो भाऊ, दात दुखतो का?" पुढे दोन कुत्री मागे लागली. चर्चच्या वळणावर कोणीतरी मोठ्याने "गुड इव्हनिंग" घातले. सगळ्या गावाने त्यांना ओळखले. मुलाला तेवढा पत्ता नव्हता.

सायकल एका जुन्या कौलारू घरापुढे थांबली. वडिलांना ते घर ओळखायला वेळ लागला नाही. त्यांचा जन्मच त्या घरात झाला होता. तिथे त्यांचे थोरले भाऊ एकटे राहत होते. विहिरीकडच्या जमिनीच्या एका पट्ट्यावरून दोघांचे बोलणे नऊ वर्षे बंद होते आणि "त्या अंगणात आपल्या घरातल्या कोणी पाय ठेवायचा नाही," असा वडिलांचा हुकूम होता.

त्यांनी दारातून आत पाहिले. थोरले भाऊ खाटेवर पडलेले, हातात विडी. मुलगा त्यांच्या गोळ्या मोजून डबीत भरत होता आणि विडीवरून त्यांना झापत होता, अगदी आपल्या वडिलांच्याच आवाजात.

"इथे काय करतोस तू?" वडील गरजले.

मुलगा दचकला, पण मान खाली न घालता म्हणाला, "पप्पा, मी कुठे बाहेर गेलोय? आजोबांच्याच तर घरी आहे."

थोरले भाऊ म्हणाले, "आधी तो मफलर काढ. घामाने भिजलायस. बस."

रहस्य उलगडले होते. गुन्हेगारही सापडला होता, पण तो डिटेक्टिव्हच्याच मफलरमध्ये होता!

हसून झाल्यावर एक गोष्ट ध्यानात घ्या. त्या वडिलांचा एकही पुरावा खोटा नव्हता. वास विडीचाच होता, पैसे खरोखर संपले होते, बिल औषधांचेच होते. चुकला तो निष्कर्ष. दोन पुराव्यांमधली मोकळी जागा माणूस आपल्या मनात जे असते त्यानेच भरून काढतो. नऊ वर्षांच्या कडवटपणाने भरलेल्या मनाला 'पोरगा कोणाची सेवा करीत असेल' ही शंका शिवणार तरी कशी?

संत थॉमस अक्वायनस यांनी तेराव्या शतकात आपल्या 'सुम्मा थिऑलॉजिका' या ग्रंथात हाच प्रश्न घेतला आहे. शंकेला जागा असेल तेव्हा दुसऱ्याच्या वागण्याचा चांगला अर्थ लावावा, असे ते सांगतात. यावर आक्षेप येतो, की जगात वाईट माणसे पुष्कळ आहेत, मग चांगला अर्थ लावणारा वारंवार फसेल. संत थॉमस ते नाकारत नाहीत. फसलात तर फसा, असाच त्यांच्या उत्तराचा आशय आहे. वाईट माणसाला चांगले मानण्याची चूक अनेकदा झाली तरी चालेल, कारण त्याने त्या माणसावर अन्याय होत नाही. चांगल्या माणसाला वाईट ठरवले, तर मात्र त्याच्यावर अन्याय होतो.

"फादर, पण मुलगा खरोखर व्यसनात सापडला असता तर?" असे आपण विचाराल. प्रश्न रास्त आहे. संत थॉमस यांनी त्याचीही सोय ठेवली आहे. एखाद्या दुखण्यावर इलाज करायचा असेल, तेव्हा वाईटात वाईट शक्यता गृहीत धरून तयारी करावी, असे ते म्हणतात. म्हणजे काळजी घेण्यास मुभा आहे, निकाल देण्यास नाही. काळजी करणारा बाप मुलाच्या खोलीचे दार वाजवून विचारतो, "बाळा, शनिवारी क्लास नसतो. तू कुठे जातोस? मला भीती वाटते." ज्याने आधीच निकाल देऊन टाकला आहे, त्याला मफलर लागतो.

आता मुलाकडे वळू या. त्याने वडिलांची आज्ञा मोडली हे उघड आहे. १९९२ साली प्रसिद्ध झालेली कॅथोलिक ख्रिस्तसभेची धर्मशिकवण सांगते, की घरात राहणाऱ्या मुलाने आपल्या व कुटुंबाच्या भल्यासाठी दिलेल्या आईवडिलांच्या आज्ञा पाळाव्यात. मात्र एखादी आज्ञा पाळणे नीतीला सोडून आहे अशी सदसद्विवेकबुद्धीची खात्री झाली, तर ती पाळू नये. आजारी चुलत्याच्या अंगणात पाय ठेवू नको, ही आज्ञा कोणाच्या भल्याची होती? या एका बाबतीत मुलाचे बंड बापाच्या हुकमापेक्षा चौथ्या आज्ञेच्या अधिक जवळचे होते.

पण युवक मित्रांनो, एवढ्यावर टाळ्या वाजवू नका. "क्लासला जातो" हे खोटेच होते आणि चांगल्या कामाने खोटे धुऊन निघत नाही. त्याने समोर उभे राहून "पप्पा, मी काकांकडे जाणार," असे म्हटले असते, तर कदाचित एक थप्पड बसली असती, पण त्या घरात नऊ वर्षांत पहिल्यांदा कोणीतरी खरे बोलले असते. आणि पालकांनो, खरे बोलल्याबद्दल ज्या घरात थप्पड बसते, तिथे मुले खोटे बोलायला शिकली तर नवल नाही.

संत लूकच्या शुभवर्तमानातील दुसऱ्या अध्यायात बारा वर्षांचा येशू कोणाला न सांगता यरुशलेममध्ये मागे राहतो. आईवडिलांना तो तीन दिवसांनी मंदिरात सापडतो. मरिया माता त्याला जाब विचारते, पण तिच्या प्रश्नात स्वतःची वेदना आहे, आरोपपत्र नाही. सर्व शुभवर्तमानांत ज्यांचा एकही शब्द नोंदलेला नाही, ते संत योसेफ याही वेळी गप्प आहेत. आपण आपल्या पित्याच्या घरी होतो, हे मुलाचे उत्तर दोघांनाही समजत नाही. तरी मरिया ते उत्तर अंतःकरणात जपून ठेवते, आणि मुलगा नाझरेथला परत जाऊन त्यांच्या आज्ञेत राहतो. आपली मुले येशू नाहीत, आणि ती मंदिराशिवाय इतर ठिकाणीही सापडतात, हे मला ठाऊक आहे! पण न समजलेले उत्तर जपून ठेवण्याएवढी जागा आपल्या अंतःकरणात असायला काय हरकत आहे?

दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१६ साली कुटुंबाविषयीच्या 'आमोरिस लेटिशिया' या पत्रात पालकांना सावध केले होते. मूल या क्षणी कोणत्या ठिकाणी आहे, हे कळण्याने सारे कळत नाही. आयुष्याच्या वाटेवर ते कुठे पोहोचले आहे, त्याची श्रद्धा, त्याची ध्येये आणि इच्छा काय आहेत, हा खरा प्रश्न आहे. मोबाईलच्या नकाशावर मुलाचा ठिपका दिसतो, मुलगा दिसत नाही.

त्या वडिलांचे पुढे काय झाले? ते त्या दिवशी खाटेच्या कडेला बसले, चहा घेतला, विहिरीचा विषय कोणी काढला नाही. जमिनीचे भांडण त्यानंतरही लगेच मिटले नाही. त्यांनी मला सांगितले, "फादर, भावाच्या घरी जायला नऊ वर्षे लागली. पण पोराला 'मी चुकलो' म्हणायला अकरा दिवस लागले, आणि ते अकरा दिवस जास्त जड गेले." मुलानेही क्लासबद्दलच्या खोट्याची क्षमा मागितली. केस मात्र कापले नाहीत.

आपल्या घरातही असे एखादे न उलगडलेले रहस्य असेल. या आठवड्यात खिसे तपासण्याआधी एकदा सरळ विचारून पाहा. आणि शोध आपल्याच एखाद्या जुन्या भांडणाच्या दारात येऊन थांबला, तर मफलर काढून आत जा.

नाझरेथचे पवित्र कुटुंब आपल्या सर्व कुटुंबांसाठी विनंती करो.

आपला ख्रिस्तात,
प्रमुख धर्मगुरू