भिंत पाडल्याशिवाय घर नाही

1871 मध्ये यरुशलेममध्ये शार्ल क्लेर्मों-गानो या फ्रेंच संशोधकाला एक कोरीव शिळा सापडली. ती आज इस्तंबूलच्या पुरातत्त्व संग्रहालयात आहे. तिच्यावर ग्रीक भाषेत ताकीद आहे की, परक्या कुळातल्या कोणी मंदिराभोवतीचा कठडा ओलांडू नये. ओलांडला तर आपल्या मरणाला तो स्वतःच जबाबदार राहील. हेरोद राजाने विस्तारलेल्या मंदिरात परराष्ट्रीयांना बाहेरच्या अंगणापर्यंत येता येई. त्यापुढे हा कठडा होता.

‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकात पौलाला अटक होते ती याच कठड्यावरून. त्रफिम नावाचा त्याचा एक सोबती इफिस शहरातला होता आणि यहुदी नव्हता. पौलाने त्याला आत नेले, असा लोकांचा समज झाला, जमाव उसळला आणि पौल रोमी शिपायांच्या हाती गेला. पुढे त्याच इफिसच्या मंडळीच्या नावाने असलेल्या पत्रात या कठड्याची आठवण ठेवूनच लिहिल्यासारखा एक परिच्छेद येतो. हे पत्र पौलाने स्वतः लिहिले की त्याच्या एखाद्या शिष्याने, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. त्यातल्या विचाराचे बळ त्याने कमी होत नाही. ख्रिस्ताने दोन समाजांमधली आडभिंत पाडली, उपरे होते ते देवाच्या घरचे झाले आणि आता हे सगळे मिळून आत्म्याच्या द्वारे देवाचे निवासस्थान म्हणून रचले जात आहेत, असा त्याचा आशय आहे.

या परिच्छेदातला क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो. आधी भिंत पडते, मग घर उभे राहते. चर्च हे देवाचे आध्यात्मिक निवासस्थान आहे, असे आपण ख्रिस्ती माणसे प्रवचनांत, अर्पणविधींत, वर्धापनदिनांच्या अहवालांत सहज म्हणतो. पण त्या दाव्याला एक अट जोडलेली आहे आणि ती आपण बहुतेक वेळा वाचून पुढे जातो. जी माणसे एरवी एकमेकांच्या उंबरठ्यावर आली नसती, त्यांना एकत्र रचूनच हे घर बांधायचे आहे. ती अट मोडली तर इमारत राहते, उपासनाही चालू राहते. पण देवाच्या निवासाचा दावा करण्याचा अधिकार आपण गमावतो.

हा विचार नव्या करारात अचानक उगवलेला नाही. इस्राएल लोक रानातून चालत असताना देवाचा निवासमंडप कापडाचा होता आणि तो लोकांबरोबर हलत असे. शलमोनाने दगडाचे मंदिर बांधले, तेव्हा समर्पणाच्या प्रार्थनेतच त्याने कबूल केले की जो आकाशातही मावत नाही तो या घरात काय मावणार! त्याच प्रार्थनेत दूर देशाहून येणाऱ्या परक्याचेही गाऱ्हाणे ऐकावे, अशी विनवणी आहे. यशया संदेष्ट्याच्या पुस्तकात तर सर्व राष्ट्रांसाठी प्रार्थनेचे घर हे स्वप्न स्पष्ट शब्दांत येते. म्हणजे कठडा काढून टाकण्याची ओढ त्या परंपरेच्या पोटातच होती. इ. स. 70 मध्ये रोमी सैन्याने मंदिर उद्ध्वस्त केले. पण त्याच्या कितीतरी आधी स्तेफनाने, देव हातांनी बांधलेल्या घरांत राहत नाही, असे भर सभेत सांगून प्राण गमावले होते.

इफिसच्या वाचकांना या शिकवणीचा अर्थ वेगळ्या बाजूनेही भिडला असेल. त्यांच्या शहरात अर्तमी देवीचे मंदिर होते आणि जगातल्या सात आश्चर्यांत त्याची गणना होत असे. शहराचा मान आणि चांदीचे देव्हारे घडवणाऱ्यांची मिळकत त्या संगमरवरावर उभी होती. त्या सावलीत राहणारी ही मंडळी कोणाच्या तरी घरात जमत असे. त्यांत दास होते, दासांचे धनी होते, यहुदी आणि ग्रीक होते. आणि त्यांना सांगितले जात होते की देव तुमच्या या जमण्यात राहतो. त्या काळी हे धाडसाचे वाटले असेल. आज ते सवयीचे झाले आहे, हीच अडचण आहे.

पेत्राच्या पहिल्या पत्रात विश्वासणाऱ्यांना जिवंत दगड म्हटले आहे. एकटा दगड कितीही घडीव असला तरी त्यात कोणाला राहता येत नाही. देव माझ्या अंतःकरणात आहे, मग मंडळीची कटकट कशाला, असे म्हणणारे आज पुष्कळ भेटतात. मंडळीने दुखावलेल्या माणसाच्या तोंडी हे वाक्य आले तर मला ते समजते. पण त्यावर श्रद्धेची भिस्त ठेवता येणार नाही. दगडाला शेजारच्या दगडाचा भार घ्यावा लागतो, स्वतःची एखादी कड तासून घ्यावी लागते. देवाची वस्ती या सांध्यांत आहे, असे पेत्राचे पत्र मला सांगते.

सांधा निखळतो कुठे, हे करिंथ शहराने दाखवून दिले. तिथे प्रभुभोजनाला जमल्यावर सधन लोक आधीच जेवून घेत आणि कष्टकरी येऊन पोचेपर्यंत त्यांच्या वाट्याला काही उरत नसे. पौलाने त्यांना खडसावले की, तुम्ही जे खाता ते प्रभूचे भोजन नव्हेच. मराठी वाचकाला हे दृश्य ओळखीचे वाटेल, कारण पंक्तिभेदाचा अर्थ आपल्याला समजावून सांगावा लागत नाही. विशेष हे की करिंथच्या उपासनेत उणीव नव्हती. गाणी होती, संदेश होते, कृपादाने होती. तरीही ताटावरच्या भेदाने सगळे रद्द ठरवले.

इमारतीला मग काहीच मोल नाही का? असे मी म्हणणार नाही. सीरियात फरात नदीकाठी दुरा-युरोपोस नावाच्या गावात 1930च्या दशकातल्या उत्खननात इ. स. तिसऱ्या शतकातले एक साधे घर सापडले. मंडळीसाठी त्यात बदल केले गेले होते. एका खोलीत बाप्तिस्म्याचे कुंड केले आणि सर्वांना एकत्र बसता यावे म्हणून दोन खोल्यांमधली भिंत काढून टाकली. आज आपल्याला ठाऊक असलेल्या सर्वांत जुन्या ख्रिस्ती उपासनास्थानांपैकी हे एक. तिथे वास्तूने मंडळीची सेवा केली. चौथ्या शतकात कॉन्स्टंटाइनच्या आश्रयाने भव्य बॅसिलिका उभ्या राहिल्या आणि त्यांनी सौंदर्याचा मोठा वारसा दिला. पण त्याच शतकाच्या अखेरीस योहान क्रिसोस्तोमला अंत्युखियाच्या व्यासपीठावरून सांगावे लागले की, वेदीवर रेशमी वस्त्रे चढवून दाराबाहेर थंडीत कुडकुडणाऱ्या ख्रिस्ताकडे पाठ फिरवू नका. सौंदर्याला त्याचा विरोध नव्हता. देव कुठे भेटतो याचा पत्ता लोक विसरत होते, त्याची त्याला चिंता होती.

आपल्या देशात तर पाडलेली भिंत आपण पुन्हा बांधली. तमिळनाडूच्या तिरुनेलवेली भागात वडक्कनकुळम इथे 19व्या शतकात असे चर्च उभे राहिले की, त्यात दोन जातींच्या लोकांना वेगवेगळे बसता यावे म्हणून वास्तूचेच दोन भाग केले होते. मधली भिंत पुढे काढली गेली. पण विटांची भिंत काढणे त्यातल्या त्यात सोपे असते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी धर्मांतरित अस्पृश्यांच्या स्थितीवर लिहिताना, चर्चमध्ये आल्यावरही जात सुटली नाही, यावर नेमके बोट ठेवले. भारतातल्या कॅथलिक बिशपांच्या परिषदेने 2016 मध्ये दलित सक्षमीकरणाचे धोरण जाहीर केले. त्यातही चर्चअंतर्गत भेदभाव मान्य करावा लागला. ही कबुली उशिराची असली तरी तिचे मोल मी कमी करणार नाही. जी भिंत आहे हेच नाकारले जाते, ती पाडता येत नाही.

महाराष्ट्रात याला उत्तर देण्याचे प्रयत्नही झाले. नारायण शेषाद्री हे ब्राह्मण घरातले तरुण 1843 मध्ये मुंबईत ख्रिस्ती झाले. पुढे जालन्याजवळ त्यांनी बेथेल नावाचे गाव वसवले, तेही मुख्यतः मांग आणि महार समाजातून आलेल्या ख्रिस्ती कुटुंबांसाठी. ज्यांना गावकुसाबाहेर राहावे लागे त्यांच्या वस्तीला देवाच्या घराचे नाव मिळाले. नारायण वामन टिळकांनी 1917 मध्ये ‘देवाचा दरबार’ सुरू केला आणि बाप्तिस्मा घेतलेल्यांबरोबरच न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांनाही त्यात जागा दिली. त्यांच्या या पावलावर मतभेद होणे स्वाभाविक होते. बाप्तिस्म्याचे स्थान काय, मंडळीची सीमा कोणती, हे प्रश्न गंभीरच आहेत. पण टिळकांना दिसलेले दुखणे खरे होते. मिशनच्या आवारात राहणारी, मिशनवर विसंबलेली मंडळी बाहेरच्या मराठी माणसाला कठड्यासारखी वाटत होती.

29 नोव्हेंबर 1970 रोजी नागपुरात सहा मंडळ्या एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाले. अँग्लिकन, बॅप्टिस्ट, ब्रदरन आणि इतर परंपरांनी एकमेकांच्या दीक्षाविधींचा आणि बाप्तिस्म्याच्या रीतींचा मान राखायचे ठरवले. त्यामागे चार दशकांहून अधिक काळाची बोलणी होती. परदेशातले वाद इथल्या माणसांनी किती दिवस वाहायचे, हा त्यांचा प्रश्न होता. ऐक्याची घोषणा झाली तरी सांधे रोज जपावे लागतात, हेही त्यानंतरच्या वर्षांनी शिकवले. आज ठिकठिकाणी चर्चच्या जमिनींचे आणि पदांचे दावे न्यायालयांत चालू आहेत. पुष्कळ वर्षांपूर्वी भक्तांनी दिलेल्या जागेसाठी भाऊ भावाविरुद्ध उभा राहतो, तेव्हा वास्तू वाचवण्याच्या नादात निवासस्थान मोडते.

म्हणून मंडळीचे मोजमाप आपण वेगळे घ्यायला हवे. वार्षिक सभेत सभासदसंख्या, वर्गणी, दुरुस्तीचा खर्च सांगितला जातो; तो सांगावाच. त्याबरोबर आणखी काही प्रश्न विचारले जावेत. आपल्या दफनभूमीत जातीनुसार किंवा ऐपतीनुसार वेगळे कोपरे आहेत का? सोयरीक जुळवताना जुने आडनाव विचारले जाते का? बांधकामावर आलेला परप्रांतीय मजूर रविवारी आपल्या बाकावर बसतो का, आणि बसल्यावर त्याच्याशी कोणी बोलते का? पंचकमिटीत स्त्रिया आहेत का आणि त्यांचे म्हणणे ठरावात उतरते का? एकाच गावातल्या दोन पंथांच्या मंडळ्या दुष्काळात एकत्र कामाला लागतात का?

ही समाजकार्याची यादी आहे आणि अध्यात्म निराळे आहे, असे कोणी म्हणेल. मला ते पटत नाही. इफिसकरांच्या पत्रात परक्याला घरचा करणे आणि देवाने वस्ती करणे या दोन गोष्टी एकाच वाक्यप्रवाहात येतात. त्यांची वाटणी आपण केली. पवित्र आत्मा आपल्या मर्जीने येतो, आपल्या कर्तबगारीने नव्हे, हे खरे. पण त्याच्या वाटेत आपण बांधलेल्या भिंती पाडण्याचे काम त्याने आपल्याच हाती सोपवले आहे. ते काम जिथे चालू आहे, मग ते मोठ्या कॅथेड्रलमध्ये असो की झोपडपट्टीतल्या भाड्याच्या खोलीत, तिथल्या मंडळीने देव आमच्यात राहतो असे निर्भयपणे म्हणावे. जिथे ते थांबले आहे, तिथे पुढची वीट रचण्याआधी हातात पहार घ्यावी.