वतन मोठें कीं वचन?

लिंबागणेशासारख्या गांवीं जमीन म्हणजे कुणब्याचा प्राणच. परंतु जमीन व दिलेला शब्द यांतून एकच राखतां आला, तर कोणतें राखावें? आम्हांस येथें कारीचे देशमुख कान्होजी जेधे आठवतात. इ. स. १६५९ मध्यें अफझलखान चालून आला, तेव्हां आदिलशहानें मावळच्या देशमुखांस फर्मानें धाडलीं कीं, खानास मिळा, नाहीं तर वतनास मुकाल. खंडोजी खोपडे खानास मिळाले. कान्होजी मात्र पुत्रांसह शिवाजी महाराजांकडे गेले, फर्मान दाखविलें व वतनावर पाणी सोडलें.

कोणी म्हणेल, वतन एकट्याचें नव्हे. मुलांच्या तोंडचा घास बापानें कां सोडावा? हा आक्षेप पोकळ नव्हे. पण कान्होजींनीं पुत्रांस घरीं अंधारांत ठेविलें नाहीं. जोखमींत त्यांस बरोबर घेतलें. पुढें खोपडे सांपडले, तेव्हां त्यांच्या जिवासाठीं रदबदली कान्होजींनींच केली. खोपड्यांस एक हात व एक पाय गमवावा लागला, परंतु प्राण वाचले. ज्यानें शब्द राखला, त्यानें दयाही राखली.

वाचकहो, हातभर बांधासाठीं शब्द फिरविण्यापूर्वीं आपण मनास पुसावें: मुलांस शेत तर देऊं, पण विश्वासाचें नांव देऊं काय?