सूड कोणावर?

अन्याय सोसणाऱ्याने सूड घ्यावा की नाही, हा प्रश्न जुना आहे. सूड नेमका कोणावर घ्यावा, हा त्याहून अवघड. केई उराना यांच्या 'गाचिआकुता' या २०२२ साली सुरू झालेल्या जपानी चित्रकथेने तो पुन्हा समोर ठेवला आहे.

आकाशात तरंगणारी एक संपन्न नगरी. तिच्या कडेला, भिंतीपलीकडे, गुन्हेगारांच्या वंशजांची वस्ती. तेथला रुदो हा मुलगा श्रीमंतांनी फेकलेल्या वस्तू वेचतो आणि दुरुस्त करतो. त्याला वाढविणाऱ्या रेग्तोचा खून होतो. आळ रुदोवर येतो. खुन्याचा मुलगा म्हणून त्याचे कोणी ऐकत नाही. केराप्रमाणे त्याला खोल गर्तेत ढकलले जाते आणि पडता पडता तो वरच्या साऱ्यांवर सूड उगविण्याची शपथ घेतो.

त्याचा संताप न्याय्यच आहे. ज्याला कधी कोणी ढकलले नाही, त्याने क्षमेचा उपदेश करू नये. परंतु रुदोवरील अन्यायाचे मूळ कशात होते? माणसाची पारख त्याच्या कृत्यावरून न करता जन्मावरून करण्यात. मग वर जन्मले एवढ्याच कारणास्तव साऱ्यांना दंड करणे म्हणजे तोच न्याय उलटा चालविणे नव्हे काय?

महाभारतात दरिद्री द्रोणाला द्रुपदाने मैत्री नाकारली. द्रोणाने शिष्यांकरवी त्याचे अर्धे राज्य घेतले. द्रुपदाच्या पुत्राने द्रोणाला मारले. आणि अश्वत्थाम्याने त्या पुत्राबरोबर द्रौपदीच्या निद्रिस्त पाच मुलांनाही मारले. एका अपमानाचे देणे अखेरीस निरपराध्यांनी फेडले. सूड अपराध्यापाशी थांबला नाही, की तो न्याय राहत नाही.

तथापि हा बोध केवळ रुदोसाठी मानून आपण मोकळे होऊ नये. या कथेत जिवापाड जपलेल्या वस्तूंत सामर्थ्य येते. रेग्तोने दिलेले हातमोजेच रुदोचे शस्त्र होतात. ही कल्पना आपल्याला परकी नाही. खंडेनवमीला आपण शस्त्रे व अवजारे पूजतो. लक्ष्मीपूजनाला केरसुणीला हळदकुंकू वाहतो. पण ती केरसुणी धरणारा हात देवळाच्या पायरीशी आला, तर त्याला आपण कोठे उभे करतो? सूडाची पहिली शपथ तेथेच घेतली जाते. आणि ती टाळण्याचे सामर्थ्यही पायरीवरच्यापेक्षा गाभाऱ्याजवळ उभ्या असलेल्यांच्याच हाती अधिक असते.